मोठ्या आजारातून उठलेलं मूल, अभ्यास आणि न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी (ठाणे / नवी मुंबई)

सोनचाफा | ९ जून, रात्री १०:१२

नमस्कार. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यातल्या पालकांकडून माहिती हवी आहे, म्हणून हा धागा.

माझा मुलगा सहावीत आहे, सेमी-इंग्रजीला. चार वर्षांचा असताना त्याला एएलएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. केमो, पाठीतली इंजेक्शनं, मग लांबलचक मेंटेनन्स, सगळं रीतसर पार पडलं. आता औषध काही नाही, फॉलोअपला रिपोर्ट चांगले येतात. जिवावरचं बेतलं होतं ते निभावलं, याबद्दल आम्ही सगळ्यांचे ऋणी आहोत.

चौथीपर्यंत अभ्यासाची काही तक्रार नव्हती. पाचवीपासून घोडं अडलं. तोंडी विचारलं तर इतिहासाचा धडा घडाघडा सांगतो, पण पेपर अर्धा कोरा. फळ्यावरचं उतरवून होत नाही, तोवर बाई पुसतात. "आधी दप्तर भर, मग डबा घे, जाताना दार लाव" असं एका दमात सांगितलं की एकच गोष्ट होते. वहीत शेरे येतात: लक्ष देत नाही, कामचुकार. नातेवाईक म्हणतात आजारपणात लाडावला. एका ठिकाणी आयक्यू करून घेतला, ९५ आला, "सरासरी आहे, काळजी करू नका" एवढं सांगून पाठवलं.

परवा फॉलोअपच्या डॉक्टर म्हणाल्या, न्यूरोसायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन करून घ्या. हे आयक्यूपेक्षा वेगळं काय असतं? मराठीत होतं का? कुठे जायचं? आणि मुलाला त्याचा त्रास होतो का?

---

तुती | ९ जून, रात्री १०:५०

ताई, "तोंडी येतं, पेपर कोरा" वाचून थबकलेच. माझ्या लेकीला आकडीचा आजार आहे, आम्ही कळव्याला. तिच्याही वहीत हेच शेरे. आमची तपासणी गेल्या वर्षी झाली आणि मला तरी फार उपयोग झाला. मुलीला त्रास नाही झाला. कोडी, ठोकळे, गोष्टी, आकडे लक्षात ठेवणं असंच असतं, सुई-बिई काही नाही. तिला तेच आधी दहादा सांगावं लागलं, कारण आपल्या मुलांना "तपासणी" म्हटलं की रक्त काढणार असंच वाटतं.

---

काजवा | ९ जून, रात्री ११:३५

मी ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. मुलाला न बघता त्याच्याविषयी मत देणार नाही, पण सोनचाफा यांनी लिहिलेलं चित्र आमच्या ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एएलएलमध्ये आजाराच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दडून राहू शकतात. शिरेतून दिलेली बरीच औषधं तिथवर पुरेशी पोचत नाहीत, म्हणून मेथोट्रेक्सेट पाठीतून देतात. पूर्वी डोक्याला रेडिएशनही सर्रास देत. त्याने अभ्यासावर आणि बुद्धीवर होणारे परिणाम लक्षात आल्यावर बहुतेक मुलांत ते टाळलं जाऊ लागलं. मेथोट्रेक्सेट फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून पेशी मारतं. मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे संदेश नेणारे जे तंतू असतात, ज्यांना व्हाइट मॅटर म्हणतात, ते बालपणी अजून घडत असतात. काही मुलांत या औषधाचा परिणाम त्यांच्यावर थोडाफार राहतो. सगळ्यांत नाही. फार लहान वयात उपचार झालेल्यांत शक्यता जास्त. आणि हे औषध दिलं नसतं तर मूल हाती लागलं नसतं, हेही तितकंच खरं, त्यामुळे कुणी स्वतःला किंवा डॉक्टरांना बोल लावू नये.

हा परिणाम बहुधा तीन ठिकाणी दिसतो: कामाचा वेग, लक्ष टिकवणं, आणि वर्किंग मेमरी, म्हणजे ऐकलेलं डोक्यात धरून ठेवून त्यावर काम करणं. शब्दसंपत्ती, समज, आधी शिकलेलं ज्ञान हे सहसा शाबूत असतं. म्हणून असं मूल बोलायला हुशार वाटतं आणि वहीत मागे पडतं.

पाचवीतच का? कारण तोवर मागणी कमी असते. पाचवी-सहावीत विषय वाढतात, तासाला शिक्षक बदलतात, तोंडी सूचना वाढतात, गणितं तीन-तीन पायऱ्यांची होतात. मुलात नवीन काही बिघडलेलं नसतं, शाळेने उंबरठा वर नेलेला असतो. म्हणूनच उपचार संपल्यावर लगेच केलेली तपासणी "सगळं ठीक" आली तरी ती कायमची धरू नये. शाळेचे टप्पे बदलतात तेव्हा पुन्हा बघावं लागतं.

आता फरक. आयक्यू चाचणी हा न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीचा एक तुकडा आहे. पूर्ण तपासणीत लक्ष, स्मरणशक्ती (ऐकलेल्याची वेगळी, पाहिलेल्याची वेगळी), भाषा, आकृती आणि जागेची जाण, हाताचं कौशल्य, नियोजन, वाचन-लेखन-गणित आणि मुलाची मनःस्थिती हे सगळं वेगवेगळं तपासतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची स्वतःची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, आहे. सगळं मिळून काही तास लागतात, त्यामुळे एका बैठकीत संपवू नये. आजारातून आलेल्या मुलाच्या बाबतीत तर नाहीच, कारण दोन तासांनंतर आपण मुलाची थकवा सहन करण्याची ताकद मोजतो, बुद्धी नव्हे.

आणि चाचण्यांआधी एक मोठा भाग असतो तो इतिहासाचा. जन्म, आजार, औषधांची नावं, किती शाळा बुडाली, शिक्षकांचं म्हणणं. कुणी हे काहीच न विचारता थेट ठोकळे पुढे ठेवले तर मला तरी ते पटत नाही.

सोनचाफा, तुमच्या जुन्या अहवालात ९५ च्या खाली चार वेगळे आकडे आहेत का बघा. ते लिहाल?

---

सोनचाफा | १० जून, सकाळी ७:४०

इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं हो. आहेत आकडे. व्हर्बल ११२, परसेप्च्युअल १०६, वर्किंग मेमरी ८५, प्रोसेसिंग स्पीड ८०. शेवटच्या आकड्यापुढे "पर्सेंटाइल ९" लिहिलंय. हे वाचून मी घाबरले, १०० पैकी ९ मार्क?

---

काजवा | १० जून, दुपारी २:०५

मार्क नव्हेत. पर्सेंटाइल ९ म्हणजे त्याच्या वयाची शंभर मुलं रांगेत उभी केली तर वेगात तो साधारण नववा, खालून. व्हर्बल, म्हणजे शब्दांतून समजणं आणि सांगणं, त्यातला ११२ म्हणजे सुमारे ७९ वा पर्सेंटाइल. या चाचणीत सरासरी १०० धरलेली असते आणि ८५ ते ११५ मध्ये बहुतेक मुलं येतात.

तुमच्या मुलाच्या समजेत आणि वेगात ३२ गुणांचं अंतर आहे. अशा वेळी चौघांना मिसळून काढलेला ९५ काहीच सांगत नाही, उलट दिशाभूल करतो. असं मोठं अंतर असलं की आम्ही व्हर्बल आणि परसेप्च्युअल (पाहून समजणं) यांवरून जीएआय नावाचा वेगळा आकडा काढतो, तो समजेचं जास्त प्रामाणिक चित्र देतो. "सरासरी आहे, काळजी करू नका" हे वाक्य या अहवालावरून निघत नाही.

आणखी एक. वेगाच्या त्या चाचण्यांत पेन्सिल धरून भराभर खुणा करायच्या असतात. तुमच्या मुलाला विनक्रिस्टिन मिळालं असणार, एएलएलच्या उपचारात ते असतंच. त्याने हातापायांच्या नसांवर परिणाम होतो आणि काहींत बोटांची ताकद पुढेही कमी राहते. तेव्हा ८० हा मेंदूचा वेग की हाताचा, हे वेगळं करायला हवं. पेन्सिल न लागणाऱ्या, तोंडी उत्तराच्या चाचण्या असतात. नवीन ठिकाणी हे आवर्जून सांगा. ज्यांना हे विचारायचं सुचतं ते लोक योग्य.

---

सह्यवारा | १० जून, संध्या. ६:३०

मी आजोबा आहे, नातवाला जन्मतः पाणी झालं होतं मेंदूत, शंट आहे, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी. माझा विरोध नाही, पण शंका आहे आणि ती मनापासून विचारतो. एवढं सगळं कागदावर आणून शाळेच्या हाती दिलं की पोरावर शिक्का बसतो. मुलाला वाटतं आपल्यात खोट आहे. त्यापेक्षा घरी जास्त वेळ देऊन, रोज सराव करून घेतला तर?

---

निळी_शाई | १० जून, रात्री ९:२०

काका, मी ऐरोलीत शिकवते, माध्यमिक. शिक्का तर आधीच बसलेला असतो. "आळशी", "मठ्ठ", "घरी लक्ष नाही". कागद नसताना बसलेला शिक्का शिक्षकाच्या मनात असतो आणि तो खोडता येत नाही. वर्गात साठ मुलं असताना मला एखाद्याचं मूळ कारण कळणं अवघड, हे मी मान्य करते. पण कुणी मला लिहून दिलं की "हा ऐकून तीन सूचना धरू शकत नाही, एकेक द्या", तर उद्यापासून करू शकते. त्याला पैसे लागत नाहीत, शासन निर्णयही लागत नाही.

पालकांना विनंती: अहवालाच्या शेवटी "मुलाला प्रोत्साहन द्यावे, पुढच्या बाकावर बसवावे" एवढंच असेल तर मानसशास्त्रज्ञांना परत विचारा. पुढचा बाक प्रत्येकालाच लिहून देतात. मला हवं असतं ते असं: फळ्यावरचं उतरवायला लावू नका, छापील टिपण द्या. दहा गणितांऐवजी त्याच प्रकारची पाच द्या. उत्तरासाठी नाव घेतल्यावर थोडं थांबा, लगेच पुढच्याला विचारू नका.

आणि सरावाबद्दल. काम संथ होणाऱ्या मुलाला शाळेनंतर आणखी तीन तास बसवलं तर तो फक्त आणखी दमतो.

---

पांथस्थ | ११ जून, सकाळी ११:१५

खारघरहून लिहितो. मुलीचं अर्भकावस्थेत हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, आता ती दुसरीत आहे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दर वेळी उत्तम. आम्हाला कुणी म्हणालंच नाही की हृदयाच्या आजाराचा अभ्यासाशी संबंध असू शकतो. कात्रीने कापणं, बटणं, आकृती काढणं, वजाबाकी एकाखाली एक मांडणं यांत ती फार अडखळते. वाचू लागलो तेव्हा कळलं की अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगितलं होतं, जन्मजात हृदयविकाराची गंभीर ऑपरेशनं झालेल्या मुलांची विकासाची आणि बुद्धीची तपासणी ठराविक टप्प्यांवर व्हावी. २०२४ मध्ये त्यांनी ते अद्ययावतही केलं. कारणं अनेक आहेत: पोटात असतानाच मेंदूला रक्त-ऑक्सिजन कमी मिळणं, हार्ट-लंग मशीन, आयसीयूत गेलेला काळ.

मला वाटतं, ज्यांच्या मुलांचा आजार "मेंदूचा" नाही त्यांच्याकडून हे सगळ्यात जास्त निसटतं. किडनी, हृदय, टाइप १ डायबेटिस, कमी दिवसांचं बाळ. धाग्याच्या नावात "मोठ्या आजारातून" लिहिलंत ते बरं केलंत.

आम्हाला तपासणीत कळलं की तिची बोलण्यातली समज छान आहे आणि आकृतीची, जागेची जाण कमी. म्हणून आता गणिताची वही चौकटीची आहे, एका चौकटीत एक अंक. आणि आकृती दाखवण्याऐवजी शब्दांत सांगतो: "आधी उजवीकडचा अंक, मग त्याच्या डावीकडचा." एवढ्याने वजाबाकी सुटली.

---

माळरान | ११ जून, रात्री ८:४५

जरा वेगळं. मी शहापूर तालुक्यात आरोग्याच्या कामात आहे. आमच्याकडे आदिवासी पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. त्यांच्यात सायलेंट स्ट्रोक होतात. हात-पाय लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, पण मेंदूच्या छोट्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मूल शाळेत मागे पडायला लागतं. आश्रमशाळेत तो "शिकत नाही" म्हणून सोडून दिला जातो. दरवर्षी डोक्याच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करून मोठ्या स्ट्रोकचा धोका आधी ओळखता येतो, हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळतं. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, रक्ततपासण्या होत आहेत. पण मार्क अचानक घसरणं हेही सिकलसेलचं लक्षण असू शकतं, हे शिक्षकांपर्यंत गेलेलं नाही. इथे कुणी शिक्षक असतील तर कृपा करून लक्षात ठेवा. ठाणे जिल्हा म्हणजे घोडबंदर रोड नव्हे.

---

वाशीकर_मावशी | १२ जून, सकाळी १०:००

"कुठे जायचं" हा प्रश्न राहूनच गेला, तर मला माहीत आहे ते लिहिते. जाण्याआधी फोन करून कोणत्या चाचण्या आणि कोणत्या भाषेत होतात ते विचारा.

खारघरला एनआयईपीआयडी या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र आहे. मूळ संस्था सिकंदराबादची, बौद्धिक अक्षमतेवर काम करते. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, नवी मुंबईतल्या विशेष मुलांसाठी. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला लोक बिचकतात, पण १९०१ पासूनची ती सरकारी संस्था आहे आणि ओपीडीला गेलं म्हणून कुणाला काही चिकटत नाही. लहान मुलांसाठी आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, या योजनेतलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, सरकारी रुग्णालयाकडे विचारा. ही योजना देशभरासाठी सुरू झाली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, आणि पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

लर्निंग डिसॅबिलिटीसाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं क्लिनिक जुनं आहे. ऐकण्याचा प्रश्न असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था. सोनचाफा, कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात १९९१ पासून एसीटी क्लिनिक आहे, उपचारानंतरच्या परिणामांसाठीच. शिवाय इंडियन कॅन्सर सोसायटीचा "उगम" हा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट आहे.

खाजगीत खर्च काही हजारांत जातो आणि ठिकाणागणिक फार बदलतो. आधी लेखी विचारून घ्या, अहवाल आणि नंतरची भेट त्यातच धरली आहे ना, तेही.

---

काजवा | १२ जून, रात्री १०:४०

मावशींच्या यादीला एक जोड. कुठेही जा, करणारी व्यक्ती आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदलेली आहे ना बघा. नोंदणी क्रमांक अहवालावर असायला हवा आणि तो परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. प्रमाणपत्रं आणि सवलतींच्या वेळी यावरच गाडी अडते.

भाषेविषयी. घरी मराठी, शाळा इंग्रजी अशी आपल्याकडे असंख्य मुलं. त्यांना इंग्रजीत शब्दार्थ विचारून कमी गुण दिले तर तो आजाराचा परिणाम की भाषेचा, कळणार कसं? बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी मुळात मराठी आणि कन्नड मुलांवर बसवलेली आहे, जुनी असली तरी अजून वापरात आहे. मेलिनची मिसिक ही भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी नागपूरची. वाचनासाठी "डाली" नावाचा संच राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणला, तो मराठीतही आहे. सेमीच्या मुलाला मी दोन्ही भाषांत विचारते आणि कशात काय आलं ते अहवालात लिहिते. भाषा न लागणारी रेवन्सची आकृत्यांची चाचणीही जोडता येते.

तारीख ठरवताना आजाराचं वेळापत्रक बघा. स्टेरॉइड चालू असलेला आठवडा, आकडी येऊन गेल्याचा दुसरा दिवस, हिमोग्लोबिन खाली असलेला काळ, रात्रभर खोकला: यांत करू नका. टाइप १ डायबेटिसच्या मुलाची साखर सुरुवातीला आणि मध्ये तपासा, साखर खाली गेली की लक्ष आधी जातं. रोजची औषधं चुकवू नका. चष्मा, श्रवणयंत्र बरोबर. सकाळची वेळ मागा. डोंबिवलीहून उभ्याने लोकलमध्ये आलेलं मूल माझ्यासमोर बसतं तेव्हा मी पहिला अर्धा तास काहीच घेत नाही.

बरोबर आणायचं: डिस्चार्ज समरी, औषधांची यादी, एमआरआय-ईईजीचे कागद, जुने सगळे अहवाल, आणि वह्या. वही मला निकालपत्रापेक्षा जास्त सांगते. आणि शक्य तर एका कागदावर तुमचा प्रश्न लिहून आणा. "मुलगा कसा आहे ते बघा" असा नको. "पेपर पुरा का होत नाही आणि शाळेने काय करावं" असा.

आयक्यूची तीच चाचणी लगेच दुसरीकडे करू नका, सरावाने गुण फुगतात. सोनचाफा, जुना अहवाल नव्या ठिकाणी आधीच दाखवा, म्हणजे तेवढा भाग वगळून बाकीचा करतील.

---

तुती | १३ जून, सकाळी ८:१५

औषधांबद्दल आमचा अनुभव. लेकीला शब्द सुचायचे नाहीत, "ते... ते हे... पाणी प्यायचं..." म्हणायची. तपासणीत नेमकं तेच उतरलं, शब्द आठवून सांगण्यात ती फार मागे. मॅडमनी न्यूरोलॉजिस्टना चिठ्ठी दिली. लेक तेव्हा टोपिरामेट या आकडीच्या औषधावर होती आणि त्या औषधात असं होऊ शकतं म्हणे. डॉक्टरांनी हळूहळू औषध बदललं, आता बोलणं मोकळं झालंय. मनाने कुणी औषध बंद करू नका, आकडी उसळून येते. पण अहवाल औषध देणाऱ्या डॉक्टरांना नक्की दाखवा, नुसता शाळेला नको.

---

ओवी_ऐरोली | १३ जून, दुपारी ४:३०

मी तेच मूल आहे, आता मोठं झालेलं. मलाही लहानपणी एएलएल होता, सध्या वाशीला कॉलेजात आहे. सह्यवारा आजोबांनी विचारलं ना, मुलाला खोट वाटेल का? माझी तपासणी आठवीत झाली. त्याआधी मला वाटायचं मी खरंच मठ्ठ आहे आणि सगळे मला खूश ठेवायला "हुशार आहेस" म्हणतात. मॅडमनी मला स्वतःला समोर बसवून सांगितलं: तुला समजतं सगळं, बाहेर यायला वेळ लागतो, धीमी लोकलसुद्धा कल्याणला पोचते. मी घरी येऊन रडले, पण ते सुटल्याचं रडणं होतं.

पालकांनो, अहवाल वाचायला बसाल तेव्हा मुलालाही त्याच्या वयाप्रमाणे सांगा. दार बंद करून कुजबुजलात तर मूल सगळ्यात वाईट तेच समजतं, हॉस्पिटलमध्ये राहिलेलं मूल तर हमखास. मला वाटलं होतं आजार परत आला.

---

सह्यवारा | १३ जून, रात्री ९:५०

ओवी, बाळा, तुझं लिहिलेलं घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. नातवाच्या आईशी बोललो, उद्या खारघरच्या केंद्रात फोन करतो आहे. शंट असलेल्याच्या बाबतीत वेगळं काही सांगायचं असतं का?

---

काजवा | १३ जून, रात्री १०:२०

हो काका. शंट कधी बसवला, कधी बदलला, शेवटचा स्कॅन केव्हाचा, हे लिहून न्या. ही मुलं पुष्कळदा छान बोलकी असतात आणि त्यामुळे आकृतीची जाण, नियोजन, गणित यांतल्या अडचणी झाकल्या जातात. आणि एक महत्त्वाचं: अभ्यास किंवा वागणं अचानक बदललं, सोबत डोकेदुखी, उलटी, सुस्ती असली, तर मानसशास्त्रज्ञाची वेळ घेऊ नका, थेट न्यूरोसर्जनकडे. शंट तुंबलेला असू शकतो.

---

सोनचाफा | २७ जुलै, रात्री ९:०५

धागा वर काढते, कारण तपासणी झाली आणि इथल्या सगळ्यांना सांगायचं होतं.

वेगवेगळ्या सकाळी बोलावून घेतली. बाईंनी आधी त्याच्याशी क्रिकेटवर गप्पा मारल्या, मग आमच्याशी खूप वेळ बोलल्या, वर्गशिक्षिकांना फोन केला. काजवा यांनी सांगितलं तसं हाताचं वेगळं तपासलं. निष्कर्ष असा की हात संथ आहेच, पण तोंडी चाचणीतही वेग कमी, म्हणजे दोन्ही. ऐकलेली गोष्ट अर्ध्या तासाने विचारली तर जवळजवळ पूर्ण सांगतो, स्मरणशक्ती उत्तम. एका वेळी अनेक सूचना दिल्या की गळतात. वाचन वयाप्रमाणे. आणि मनाच्या भागात त्याने लिहिलं होतं, "मला पेपरची भीती वाटते, कारण मला येत असतं." हे वाक्य त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

शिफारशी नेमक्या आहेत. उतरवून घेणं बंद, छापील टिपण. जास्त वेळ. सूचना एकेक आणि लिहून. हाताच्या ताकदीसाठी ऑक्युपेशनल थेरपी. आठवीच्या सुरुवातीला फेरतपासणी. निळी_शाई, तुमची पोस्ट मी वर्गशिक्षिकांना दाखवली. त्यांनी सामाजिक शास्त्राची चाचणी त्याला जास्त वेळ देऊन घेतली. पेपर पूर्ण लिहिला त्याने.

पुढचा प्रश्न दहावीचा. तिथे जास्त वेळ मिळेल का, त्यासाठी काय लागतं?

---

दस्तऐवज | २८ जुलै, सकाळी ९:३०

वकील आहे, थोडं या क्षेत्रात काम केलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, सेरेब्रल पाल्सी, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार येतात. "कर्करोगातून बरा झालेला" असा प्रकार नाही. त्यामुळे मुलाची आजची अडचण कोणत्या प्रकारात बसते ते सरकारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. तुमचा अहवाल हा तिथला पुरावा, तो स्वतः प्रमाणपत्र नव्हे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, त्यातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं.

केंद्राच्या परीक्षांविषयीच्या ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत लेखनिक घेणाऱ्यांना ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ होता, पण त्या ४० टक्के आणि वर अक्षमता असलेल्यांसाठी होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालील, पण लिहायला अडचण असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना आल्या. हाताचा भाग तुमच्या अहवालात आहे, तो इथे कामाला येतो.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ते १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा करावं लागतं. दहावीचा अर्ज नववीतच शाळेमार्फत हलवा. जानेवारीत धावाधाव करणारे पालक दरवर्षी येतात आणि तेव्हा मला फार काही करता येत नाही.

---

तुती | २८ जुलै, दुपारी १:१०

एक विचारायचं राहिलं. शाळा आमच्याकडे पूर्ण अहवालाची झेरॉक्स मागते आहे. त्यात घरातलं, तिच्या मनातलं सगळं आहे. द्यावी का?

---

काजवा | २८ जुलै, रात्री ११:००

पूर्ण देऊ नका. ज्यांनी तपासणी केली त्यांच्याकडून शाळेसाठी वेगळं एक पान मागून घ्या: निदान आवश्यक तेवढं, अडचणी कोणत्या, वर्गात काय करायचं, परीक्षेत काय करायचं, सही आणि नोंदणी क्रमांक. घरची माहिती, मुलीची उत्तरं, आकड्यांचे तक्ते त्यात नकोत. शाळेने आग्रह धरला तर मुख्याध्यापकांना मला फोन करायला सांगा, असं मी माझ्या पालकांना लिहूनच देते. तुमच्या मॅडमही देतील. मूळ प्रत घरी ठेवा, दोन-तीन वर्षांनी फेरतपासणीला ती लागेल.